पाणी दिलं, माफी नाय

सुगंधाबाईच्या दारातून माणूस पाणी न पिता माघारी गेला, असं कधी झालं नाही. दार हे आपलं म्हणायला, कारण तिचं अर्धं आयुष्य दार नसलेल्या घरात गेलं. वेरूळच्या डोंगरामागच्या एका वस्तीवर जन्म. धनगराची लेक, धनगराचीच सून. वर्षातले आठ महिने मेंढरांमागं, आज या शिवारात मुक्काम, उद्या त्या. दुसऱ्याच्या विहिरीवर उभं राहून ‘दादा, घागरभर घेऊ का’ म्हणायचं आणि तो काय म्हणतो त्याची वाट बघायची, यात बालपणही गेलं आणि तरुणपणही. नाही म्हणणारे लई भेटले. म्हणूनच तिच्या सासूनं, आवडाबाईनं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच बजावलं होतं. बिऱ्हाडावर कुणी आलं की आधी घोंगडी टाकायची, मग तांब्या द्यायचा, आणि त्याचं पाणी पिऊन झाल्यावरच विचारायचं, कोण, कुठला, कशाला आला. चोर असला तरी हेच आणि वैरी असला तरी हेच.

सुगंधाबाईनं हे आयुष्यभर पाळलं. आणि नेमक्या याच गोष्टीवर शहरातल्या एका शहाण्या वकिलानं तिला अशी कोंडीत पकडली की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी.

दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. तेरा साल उजाडलं तेव्हा डोंगरात गवताची काडी राहिली नव्हती. सरकारनं चारा छावण्या उघडल्या, त्या गाईम्हशींच्या. मेंढरं घेऊन गेलं की तिथला माणूस कागद बघून म्हणायचा, मेंढ्या यादीत नाहीत. जशी काय मेंढरं वारा खाऊन जगतात. सुगंधाबाईचा नवरा बन्सी तीन छावण्या हिंडला आणि तिन्हीकडून तसाच परत आला. नव्वद मेंढरं होती. दहा-पंधरा करत करत बाजारात गेली. शेवटची बारा विकली त्या दिवशी बन्सी जेवला नाही, आणि त्यानंतर चार दिवसांनी नवराबायको काठी, दोन घोंगड्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन शहरात आले.

शहर तेव्हा फुगत होतं. पाट्यांवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं, गावाकडची माणसं संभाजीनगर म्हणायची, आणि बांधकामवाल्यांना दोन्हीशी काही देणंघेणं नव्हतं. गारखेड्याच्या पुढं काल जिथं ज्वारी उभी होती तिथं आज चार मजले उभे. रानं वाळली, प्लॉटिंग मात्र जोरात पिकलं. काकासाहेब ठेकेदार त्याच पिकातला. बापजाद्यांची अठरा एकर जमीन, तिचे प्लॉट पाडून विकले आणि हा गडी बांधकामात शिरला. पांढरे कडक कपडे, कपाळाला गंध, बोलणं साखरेत घोळलेलं. मजुरांना ‘लेकरांनो’ म्हणायचा. त्याच्या साइटवर बन्सीला काम मिळालं. ड्रेनेजचा पाइप टाकायला बारा फूट खोल चर खोदायचा होता. ज्या माणसानं आयुष्यभर उघड्या माळावर उभं राहून मेंढरं राखली, त्याला जमिनीच्या पोटात उतरवलं.

एप्रिलची सकाळ होती. चरात बन्सी आणि त्याच्याच गावचा कडूबा, असे दोघं. कडूबाला चराच्या काठावर बोट जाईल एवढी भेग दिसली. तो वर आला, काकासाहेबाला ती दाखवली आणि म्हणाला, “मालक, फळ्यांचा आधार लावल्याबिगर खाली उतरणं बरं नाय.” तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. त्या दिवसांत टँकरवाल्याचा रुबाब विचारू नका. काँक्रीटला पाणी मिळायची ती एकच सोय, आणि जरा उशीर झाला की तो दुसऱ्या साइटवर निघून जायचा. ड्रायव्हर शहाणा, लांबच थांबला होता. काकासाहेबानं स्वतः हातवारे करत, ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत त्याला थेट काठाशी आणला. कडूबा सांगत राहिला, “मालक, खाली बन्सी हाय.” भरल्या टँकरच्या ओझ्यानं काठ बसला आणि सगळी काळी माती बन्सीच्या अंगावर गेली.

एवढं नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं कोर्टात यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही.

काकासाहेबाला अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही झाला. बन्सीचे दिवस होऊन आठवडा झाला नसेल तोच तो वस्तीवर आला. सुगंधाबाई तेव्हा बांधकामाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. त्याच्यासोबत त्याचा सुपरवायझर होता, हातात मोठा मोबाइल घेतलेला. सुगंधाबाईनं काकासाहेबाला बघितलं. पण हात थांबले नाहीत. त्यांना सवयच तेवढी ठाऊक. घोंगडी टाकली, रांजणातून तांब्या भरला आणि त्याच्या पुढं धरला. त्या आठवड्यात त्या वस्तीला टँकर आला नव्हता, तो तांब्या म्हणजे तिच्या दोन वेळच्या पाण्यातला एक वाटा होता. काकासाहेब प्याला. तांब्या त्याच्या हातात होता तेवढ्यात सुपरवायझरनं मोबाइल वर करून काहीतरी केलं. मग काकासाहेब हात जोडून म्हणाला, “वहिनी, माझ्या हातून झालं. मला पदरात घ्या.” सुगंधाबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं बघत राहिली. दोघं निघून गेले.

तिचा दीर खंडेराव दारात बसला होता. तो म्हणाला, “वैनी, एवढा मोठा माणूस पायरीशी आला, नाय म्हटलं तरी त्याला वाईट वाटलं म्हणूनच ना.”

“आला, पाणी प्याला, गेला,” सुगंधाबाई म्हणाली. “त्याउप्पर काय बी झालेलं नाय, भावजी.”

तिथून तीन वर्षं तारखा. सुगंधाबाई शहरातच राहिली. सकाळी उस्मानपुऱ्यातल्या दोन घरी धुणीभांडी, दुपारी एका रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायचं काम. माणसांना प्यायला नव्हतं तेव्हा ती बंगल्यांत लावायच्या गुलाबांना पाणी घालत होती. याच्यावर ती स्वतःच कधीकधी हसायची. तारीख असली की दोन्ही कामं बुडवून कोर्टाच्या व्हरांड्यात. तिथंच तिला योगिनी वकील भेटली. गरिबाला सरकारकडून फुकट वकील मिळतो, तशी मिळाली होती. वयानं लहान, पण पोरीनं कागद मुळापासून वाचले आणि कपाळावर हात मारला.

“मावशी, पोलिसांनी कलम हलकं लावलंय,” ती म्हणाली. “माणूस मरू शकतो हे माहीत असून कुणी तसं वागलं, तर त्याला सदोष मनुष्यवध म्हणतात. त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होते. यांनी लावलाय निष्काळजीपणा. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं.”

“आन् कमीत कमी?”

“कमीत कमी असं काही ठरवलेलं नाही. ते न्यायाधीश साहेबांच्या हातात.”

कलम वाढवून मिळावं म्हणून तिनं अर्ज केला. तो नामंजूर झाला. तेव्हा सुगंधाबाईनं मनाशी एकच धरून ठेवलं. काकासाहेब आत गेला पाहिजे. दोन वर्षं जाऊ दे, दोन महिने जाऊ दे, पण त्या पांढऱ्या कपड्यांनिशी त्यानं तुरुंगाची पायरी चढली पाहिजे. आणि त्याच्या आधी कडूबानं उभं राहून चारचौघांत सांगितलं पाहिजे की टँकर कुणी बोलावला. कडूबा दर तारखेला गावाहून यायचा, मजुरी बुडवून. पोलिसांनी त्याचा जबाब अडीच ओळीत गुंडाळला होता. टँकर होता एवढं त्यात होतं, कुणी आणला ते नव्हतं. म्हणून तो सगळं मनात घोकून यायचा, भेग केवढी, टँकर कुठं थांबला होता, मालकानं हात कसा केला. व्हरांड्यात बसून तो सुगंधाबाईला हात करून दाखवायचा. तिला ते बघवत नव्हतं, पण त्यानं विसरू नये म्हणून ती बघायची.

दोन हजार सोळाचा ऑगस्ट. त्या दिवशी कडूबाची साक्ष होणार होती. तो धुतलेला सदरा घालून आला होता. प्रकरण पुकारलं गेलं आणि काकासाहेबाचा वकील उठून म्हणाला, “आरोपीला गुन्हा कबूल करायचा आहे.”

साहेबांनी काकासाहेबाला विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर नाही ना, परिणाम समजतात ना. तो हात जोडून म्हणाला, “गुन्हा कबूल आहे, साहेब.”

सुगंधाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला वाटलं, संपलं. आला एकदाचा वाटेवर. त्यात तिचं तरी काय चुकलं? तिनं कबुली बघितली होती ती तिच्या बापाची, केरबाची. एकदा त्याचा डोळा लागला आणि मेंढरं एकाच्या हरभऱ्यात शिरली. दुसऱ्या दिवशी केरबा चावडीवर उभा राहिला आणि सगळं स्वतःच्या तोंडानं बोलला. कुठं झोपलो, कधी जाग आली, किती मेंढरं होती, किती वाफे खाल्ले. शेतकऱ्यानं विचारायच्या आधी बोलला. सुगंधाबाईच्या लेखी कबुली म्हणजे ही. आता काकासाहेबही बोलेल, भेग दाखवली होती म्हणेल, टँकर म्याच बोलावला म्हणेल, अशा आशेनं ती पुढं सरकून बसली.

काकासाहेब खाली बसला. त्याची कबुली झाली होती. दोन शब्दांची.

“आता कडूबाला बोलवतील ना?” तिनं योगिनीच्या कानात विचारलं.

“नाही, मावशी. कबूल केलं की साक्षीपुरावा होत नाही. आता फक्त शिक्षा किती, ते ठरणार.”

बघा ही तऱ्हा. गुन्हा करणाऱ्यानं ‘कबूल’ म्हटलं की ज्यानं डोळ्यानं बघितलं त्याचं तोंड बंद. तीन वर्षं घोकलेलं सगळं पोटात ठेवून कडूबा दाराशी उभा, आणि आत कागदावर राहिलं एवढंच, ‘आरोपीने योग्य ती काळजी घेतली नाही’. योग्य ती काळजी. दुधावर झाकण ठेवायचं राहिलं तरी माणूस असंच म्हणतो.

मग काकासाहेबाचा वकील शिक्षेवर बोलायला उठला. माणूस तयारीचा. आरोपीचं वय बावन्न. आरोपीला साखरेचा आजार. घरी म्हातारी आई, सोनिया नावाची मुलगी लग्नाची. आधीचा एकही गुन्हा नाही. स्वतःहून कबुली देऊन कोर्टाचा वेळ वाचवला. दुष्काळात स्वखर्चानं पाणपोई चालवली, त्याचं प्रमाणपत्र सोबत जोडलंय. हे सगळं शिक्षा ठरवताना बघायचं असतं, असा कायदाच आहे, आणि बघावंही, त्याला कुणाची ना नाही. पण बन्सीचं वय किती होतं हे कुणी विचारलं का? बन्सीनंही आयुष्यात एक गुन्हा केला नव्हता. बन्सीलाही आई होती. आवडाबाई लेकाच्या पाठोपाठ पाच महिन्यांत गेली. तिचं प्रमाणपत्र कुठं मिळतं?

शेवटी वकिलानं फाइलमधून एक फोटो बाहेर काढला. घोंगडीवर बसलेला काकासाहेब, हातात तांब्या, समोर उभी सुगंधाबाई.

“मयताच्या पत्नीनं आरोपीला घरात बसवून स्वतःच्या हातानं पाणी दिलं,” वकील म्हणाला. “या समाजात याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. दोन्हीकडं आता आकस राहिलेला नाही.”

या समाजात म्हणे. ज्यानं कधी मेंढराच्या अंगाला हात लावला नाही तो धनगराच्या घोंगडीचा अर्थ सांगत होता. सुगंधाबाई ताडकन उभी राहिली. शिपाई बसा बसा म्हणत होता, पण साहेबांनी त्याला थांबवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, “बाई, हा फोटो तुमचाच आहे?”

“व्हय.”

“तुम्ही यांना पाणी दिलं होतं?”

“दिलं व्हतं.”

“यांनी हात जोडून माफी मागितली होती?”

“मागितली व्हती. पन साहेब, म्या पाणी दिलं, माफी नाय दिली. पाणी आमी कुणाला बी देतो. कुत्र्याला बी देतो.”

टायपिस्टची बोटं ‘मागितली व्हती’ला थांबली होती. पुढचं कुणी लिहिलं नाही. ती खोटं बोलली असती, म्हणाली असती की फोटो माझा नाय, म्या ह्याला ओळखत नाय, तर कदाचित निभावलं असतं. पण तेवढं तिला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. सरकारी वकिलांना विचारलं तर ते फाइल चाळत म्हणाले, “कायद्याप्रमाणे योग्य ती शिक्षा व्हावी.” योगिनीनं लेखी म्हणणं दिलं, त्यात भेग होती, टँकर होता, सगळं होतं. ते फाइलला लागलं.

पाऊण वाजता शिक्षा सुनावली. कोर्ट उठेपर्यंत कैद, आणि मयताच्या पत्नीला पन्नास हजार रुपये भरपाई.

“कोर्ट उठंस्तोवर म्हंजी?” सुगंधाबाईनं विचारलं.

योगिनीला सांगायला जड गेलं. म्हणाली, “आज साहेब खुर्चीवरून उठेपर्यंत त्यानं या खोलीत बसून राहायचं. मग घरी.”

सुगंधाबाईला वाटलं, पोरगी काहीतरी चुकीचं सांगतेय. मग तिनं काकासाहेबाकडं बघितलं. तो मागच्या बाकावर टेकून बसला होता आणि रुमालानं चष्मा पुसत होता. तेव्हा तिला ते खरं वाटलं. तिनं पदर कमरेला खोचला आणि त्याच्यासमोरच्या बाकावर जाऊन बसली. खंडेराव म्हणाला, “चला वैनी, आता बसून काय करायचं?” ती म्हणाली, “ह्याला शिक्षा झालीय ना? मंग म्या बघती कशी भोगतोय ते.”

आणि तिनं बघितलं. मधल्या सुट्टीत त्याच्यासाठी घरून डबा आला. त्यानं गोळी घेतली. कुणीतरी चहा आणला. त्यानं दोन फोन घेतले, दाराशी जाऊन, पोलिसाला विचारून. एकदा त्याची नजर सुगंधाबाईच्या नजरेला भिडली, तर त्यानं ओळखीचं असावं तशी मान हलवली. साडेतीनच्या सुमारास एक कारकून येऊन साहेबांच्या कानाशी लागला. एक जुने वकील वारले होते, त्यांची शोकसभा होती. साहेब उठले, सगळे उठले. एका माणसाच्या मरणाला मान द्यायचा म्हणून बन्सीच्या मरणाची शिक्षा दीड-दोन तास आधीच संपली. काकासाहेबानं बाहेर येऊन चपला घातल्या आणि गाडीत बसून गेला. कडूबा अजून व्हरांड्यातच होता.

जिन्यावर बसून सुगंधाबाईनं योगिनीला विचारलं, “वरच्या कोर्टात जाता येतं ना?”

“शिक्षा कमी झाली म्हणून तुम्हाला अपील करता येत नाही, मावशी. ते सरकारनं करायचं. मी सरकारला पत्र देईन, पण ते अशा प्रकरणात सहसा करत नाहीत.” मग खाली बघत म्हणाली, “तुम्हाला अपील करता येतं ते भरपाई कमी पडली म्हणून.”

“म्हंजी नवऱ्याचं पैसं कमी आलं असं म्हनलं तर ऐकत्यात, आन् न्याव कमी आला म्हनलं तर नाय?”

योगिनीनं तिथंच फाइल उघडली आणि सरकारला द्यायचं पत्र लिहायला घेतलं.

सरकारचं पत्र चार महिन्यांनी आलं. अपील करण्यास सबळ कारण दिसत नाही. तोवर सुगंधाबाईनं त्या पन्नास हजारांतल्या एका नोटेलाही हात लावला नव्हता, ते बँकेत तसेच पडून होते. ती योगिनीकडं गेली आणि म्हणाली, “लिवा. पैसं कमी पडलं असं लिवा. साहेबापुढं उभं तर राहता येईल.” खंडेराव म्हणाला, “वैनी, लोक म्हनतील, नवऱ्याच्या मढ्यावर पैसा कमवती.” आणि लोक तसंच म्हणाले. नात्यातल्या गोजरबाईनं तर भर लग्नात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. सुगंधाबाईनं पंगतीतून उठून हात धुतले आणि घर गाठलं. अपिलाच्या कागदावर दिलेला अंगठा तिनं माघारी घेतला नाही.

अपिलाचा पुकारा व्हायला दीड वर्ष गेलं. नव्या साहेबांनी कागद बघून विचारलं, “बाई, तुमची किती अपेक्षा आहे?”

“एक पैसा नगं, साहेब. हा कडूबा हाय. ह्याला पाच मिन्टं बोलू द्या. मंग तुमाला वाटंल ते करा.”

साहेबांनी योगिनीकडं बघितलं. योगिनीनं जेवढं कायद्यात बसतं तेवढं बोलून बघितलं, आणि थोडं न बसणारंही बोलून बघितलं. साहेब शांतपणे म्हणाले, “हे अपील भरपाईपुरतं आहे. साक्ष नव्यानं घेता येणार नाही.” कडूबानं हात वर उचलला होता, टँकर कसा बोलावला ते दाखवायला. तो त्यानं खाली घेतला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. योगिनीनं व्हरांड्यात उभं राहून तो तिला वाचून दाखवला, एकेक ओळ समजावून सांगत. भरपाई पंचवीस हजारांनी वाढवून दिली होती. अपीलकर्तीच्या भावनांबद्दल कोर्टाला सहानुभूती आहे, असं एक वाक्य होतं. शेवटी लिहिलं होतं की शिक्षेत बदल करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण शिक्षा पूर्ण भोगून झालेली आहे.

सुगंधाबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं. योगिनीनं वाचलं, “शिक्षा पूर्ण भोगून झालेली आहे.”

“कुनी भोगली?” सुगंधाबाईनं विचारलं.